भाषणात हळद येईपर्यंत

२६ एप्रिल, रविवार. सकाळ.

ब्रेकिंग न्यूज. पंतप्रधान मंगळवारी संध्याकाळी सात वाजता देशाला उद्देशून बोलणार. विषय गुप्त. टीव्हीवाल्यांनाही माहीत नाही, नुसतेच पडद्यावरच्या खिडक्यांत बसून भांडताहेत. मला मात्र विषय माहीत आहे. हळद.

वसमतच्या बाजारात हळदीचे भाव पडलेत, हे दिल्लीला कळल्याशिवाय कसं राहील? शिवाय गेल्या महिन्यात एका पुढाऱ्याच्या सभेत मी मागून उभा राहून हळदीचा प्रश्न मांडला होता. माईक मिळाला नाही, पण माझा आवाज मुळातच दणदणीत. पुढारी मान हलवत होते. हरिचंद म्हणतो, ते फोनवर बोलत होते. हरिचंद विरोधी पक्षाचा माणूस, त्याला तसंच दिसणार.

मी तटस्थ. दोन्ही बाजूंचं ऐकायचं आणि मग निकाल द्यायचा. आमच्या हट्टा सर्कलमधल्या गावांत असा नागरिक दुसरा नाही. हे मी फाट्यावर संतोषच्या हॉटेलात बऱ्याच वेळा सांगितलेलं आहे.

आजपासून रोजनिशी लिहायची. कोणाला दाखवायची नाही.

दुपार.

रुख्मिणीची कटकट. समोरच्या खोलीतली हळदीची पोती हलवा म्हणते. आमच्या लेकीला, वैष्णवीला, बघायला कनेरगाव नाक्याचे पाहुणे येणार आहेत. मुलगा रुद्र, नाक्यावर बी-बियाणं आणि औषधांचं दुकान. स्थळ हरिचंदनंच आणलं. राजकारण सोडलं तर हरिचंद माणूस चांगला. सतरा मेला धोंड्याचा महिना लागतो, त्याच्या आत सुपारी फुटली पाहिजे, असं रुख्मिणीचं टाइमटेबल.

मी म्हणालो, मंगळवारपर्यंत थांब. भाषण झालं की भाव चढेल आणि पोती आपोआप हलतील. तिनं एक पोतं स्वतःच ओढायला घेतलं. मग मला उठावं लागलं. एक हलवलं. कमरेत लचक.

२८ एप्रिल. भाषण झाल्यावर.

 क्रमानं लिहितो.

साडेसहालाच संतोषच्या हॉटेलात जाऊन टीव्हीसमोरचं बाकडं धरलं. सगळ्यांना सांगून ठेवलं की आज हळद येणार, कान उघडे ठेवा. हॉटेल भरलेलं. हरिचंद कोपऱ्यात भजी खात होता.

भाषण सुरू. गहू आला. तांदूळ आला. ज्वारी-बाजरी आली, तेव्हा मी सावरून बसलो. चहा आला. केशर आलं! केशराच्या नंतर हळदच येणार, रंग तोच. मी उभाच राहिलो. केशरानंतर अंतराळ आलं. मग एकदम धन्यवाद.

हरिचंद म्हणाला, काहून रे सोनाजी, तुझी हळद रॉकेटात बसून गेली की काय. लोक हसले.

मला आतून काहीतरी झालं. मी दोन्ही पायांतल्या चपला काढल्या, हातात घेतल्या आणि दणदणीत आवाजात पण केला: जोवर देशाच्या भाषणात हळदीचं नाव निघत नाही, मग बोलणारा सत्तेतला असो की विरोधातला, तोवर हा सोनाजी पायात चप्पल घालणार नाही. मोठमोठ्या पुढाऱ्यांचे कार्यकर्ते असे पण करतात. पेपरात फोटो येतो. पण ते एखाद्या माणसासाठी करतात, मी पिकासाठी केला.

हॉटेल स्तब्ध. टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. संतोषनं नेमकी तेव्हाच मॅच लावली होती आणि पहिलाच बॉल पडत होता, पण शांतता माझ्यामुळं होती, हे चेहऱ्यांवरून कळत होतं.

चपला संतोषच्या ताब्यात दिल्या. म्हणालो, जपून ठेव, पुढं यांना किंमत येईल. त्यानं मागच्या दाराशी ठेवल्या.

घरी येताना काटा मोडला. आनंदानं सोसला. रुख्मिणीला पणाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, म्हंजे चप्पल हरवली. सरळ सांगा ना.

२९ एप्रिल

आज विरोधी पक्षनेत्याचं उत्तर. सकाळी अकराला. माझी मोठी आशा. विरोधक म्हणजे राहिलेलं काढून दाखवणारा. काल हळद राहिली, आज हा तीच धरून बसणार. चहा आज माझ्यासाठी हरिचंदनंच सांगितला. त्यालाही आज हळद यावी असं वाटत होतं. पक्षाची अब्रू होती.

कांदा आला. कापूस, सोयाबीन, ऊस आले. मग महागाई, बेरोजगारी, संविधान. मग पत्रकारांचे प्रश्न. मग पाणी प्याले आणि गेले.

हरिचंद म्हणाला, आवाज बसलेला होता त्यांचा, न्हाईतर घेतली असती. मी तटस्थपणे दोघांवर नाराज झालो.

संतोषचा कामावरचा माणूस माझ्या चपला घालून मागच्या मोरीकडं जाताना दिसला. संतोषला विचारलं. तो म्हणाला, दाराशी असल्या की कोणीबी घालतंय मामा, घासत न्हाईत त्या. त्याला इतिहासाची जाण नाही.

१ मे

पणाचे नियम पक्के केले. स्वतःच्या शेतात चप्पल चालेल, कारण शेतात देश नसतो, आपण एकटे असतो. बाथरूममधली स्लीपर ही चप्पल नव्हे. मोजे चालतील. (करून बघितलं. डांबर मोज्याला चिकटलं. मोजे रद्द.)

ग्रामपंचायतीपुढं झेंडावंदन. मी मुद्दाम पुढच्या रांगेत, पाय दिसतील असा. दोन शब्द बोलायला सांगतील म्हणून पॉइंट काढून नेले होते. सांगितलं नाही. सरपंचांना गडबड होती.

पण एक गोष्ट घडली. आमच्या आळीतली मंजुळाबाई, एवढी म्हातारी, ती माझ्यासमोर वाकली आणि माझ्या पायांना हात लावून म्हणाली, लई कडक धरलंस बाबा. उन्हाळ्याचं धरायला जिगर लागते. पावल तुला.

मी गहिवरलो. हळदीचा प्रश्न म्हाताऱ्या बायांपर्यंत पोचला आहे. दिल्ली कितीक लांब?

४ मे

रिस्पॉन्स वाढतोय. किराणा दुकानात दोन बायांनी मला वाट करून दिली. एकीनं मुलाला सांगितलं, मामाच्या पायाला पाय लागू देऊ नको. एका माणसानं नारळ दिला आणि म्हणाला, तुमच्या हातून चढू द्या. नारळ कुठं चढवायचा कळलं नाही. रुख्मिणीनं चटणी केली.

तळपायाला फोड. एक फुटला. पंचायत अशी की लोकांसमोर लंगडून चालावं तर पण जड जातोय असं दिसतं, ताठ चालावं तर जीव जातो. मी मध्यम मार्ग काढला: सावली आली की थांबायचं आणि आकाशाकडं बघायचं. बघणाऱ्याला वाटतं विचार चालू आहे.

६ मे

वसमतला बाइकवर गेलो. सायलेन्सरला घोटा लागला. जाऊ द्या.

वैष्णवी वसमतलाच मेडिकलवर कामाला आहे. तिच्या दुकानात गेलो, मलम मागितलं. तिनं माझे पाय बघितले आणि काउंटरच्या बाहेर येऊन, गिऱ्हाइकं थांबवून, स्वतः मलम लावलं. म्हणाली, बाबा, पाव्हणे येईपर्यंत तरी घाला ना. मी म्हणालो, बेटा, तत्त्व. ती म्हणाली, बरं. पोरगी समजूतदार आहे.

रुख्मिणीनं माझ्यासाठी नवी चप्पल आणली. काळी, बकलची. पाहुण्यांसमोर घाला म्हणते. मी तिला विचारलं, घरात बसल्यावर पाहुणे तरी चप्पल घालून बसतात काय? रुख्मिणी उठून आत पीठ मळायला गेली. वादात मला कोणी हरवू शकत नाही.

१० मे, रविवार

कार्यक्रम झाला. शंभर टक्के यशस्वी.

सकाळी रुख्मिणीनं माझा हात वैष्णवीच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली: आज भाषण न्हाई, पक्ष न्हाई, दिल्ली न्हाई. हळदबी न्हाई. मी शपथ घेतली. मनातून वाईट वाटलं, पण पोरीचा दिवस होता.

मुंजाजीराव, म्हणजे मुलाचे वडील, त्यांची बायको आणि रुद्र. मध्यस्थ म्हणून हरिचंद. सगळे हळदीच्या पोत्यांमध्ये जागा करून बसले. वैष्णवीनं पोहे आणले. नंतर ती आणि रुद्र अंगणात बोलत उभे राहिले. दोघंही हसत होते. मी खिडकीतून बघितलं आणि मलाही हसू आलं. मुलगा साधा वाटला. बोलता बोलता त्यानं आमच्या कुंडीतलं गवत उपटलं.

मग शेत दाखवायला निघालो. ऊन मी म्हणत होतं. मुंजाजीरावांच्या पायात चकचकीत बूट, माझे पाय उघडे. अर्ध्या वाटेत त्यांनी विचारलंच, काहून हो, पायात काही न्हाई घातलं?

ओठांवर आलं होतं. गहू, तांदूळ, केशर, सगळं. पण शपथ आठवली. मी दात आवळले आणि शांतपणे म्हणालो, एक पण आहे. पुरा झाला की सांगीन. तोवर विचारू नका.

मुंजाजीरावांनी बायकोकडं बघितलं. बायकोनं मागं वळून घराकडं बघितलं.  हरिचंदला खोकला आला.

जबरदस्त इम्प्रेशन पडलं. मौनाची ताकद आज कळली.

१२ मे. सकाळ.

नाक्याहून निरोप नाही. मोठी माणसं अशा गोष्टीत घाई करत नाहीत.

संध्याकाळ.

हरिचंद आला. ओसरीवर बसला. पाणी प्याला. मग म्हणाला, सोनाजी, नाक्याचे लोक मागं सरून राहिले.

कारण ऐकून मी खाली बसलो. ते म्हणतात, बाप उन्हाळ्याचा अनवाणी फिरून राहिला, तोंड उघडत न्हाई, म्हंजे पोरीसाठी नवस केलेला दिसतो. नवस केला म्हंजे पोरीचं काहीतरी हाय. आधी एखादी सोयरीक मोडली असल, न्हाईतर दुखणं असल. त्या दिवशी जाताना त्यांनी फाट्यावर गाडी थांबवून चौकशीही केली. मंजुळाबाई तिथंच बसली होती. तिनं मोठ्या कौतुकानं सांगितलं, व्हय, लेकीसाठीच धरलंय त्यानं, लई कडक.

मी म्हणालो, पण सगळ्या गावाला माझा पण माहीत आहे! हरिचंद म्हणाला, गावाला नवसच माहीत हाय. त्या दिवशी मॅच होती बाबा.

म्हणजे मंजुळाबाईचं पाया पडणं. नारळ. वाट करून देणं.

रुख्मिणी आत रडत होती. वैष्णवी रडत नव्हती. ती दारात येऊन एवढंच म्हणाली, बाबा, मला पसंत होता तो. आणि हाताला काम हवं म्हणून भाजी निवडायला बसली.

फार वाईट वाटलं. इथं खोटं लिहून उपयोग नाही. आयुष्यात एक दिवस तोंड बंद ठेवलं आणि त्याच दिवशी ते उघडायला हवं होतं.

१३ मे

पहाटेच निघालो, हरिचंदच्या बाइकवर, मागं बसून. आधी मोठा पेच. चप्पल घालून जावं तर पण मोडला. अनवाणी जावं तर संशय पक्का. मार्ग मीच काढला: नवी चप्पल पिशवीत घेतली.

हिंगोली गेली. नाका आला. रुद्र दुकान उघडत होता. आम्हाला बघून खाली मान घालून आत गेला, पण खुर्च्या आणून टाकल्या. मुंजाजीराव शेजारच्या ढाब्यावर खाटेवर बसले होते. त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

मी ठरवून गेलो होतो की दोनच वाक्यं बोलायची. पण माणसाला पार्श्वभूमी तर द्यावी लागते. मी हळदीच्या लागवडीपासून सुरू केलं. केंद्राचं धोरण, विरोधकांची जबाबदारी, तटस्थ नागरिकाची भूमिका, हे ओघानं आलं. केशरापर्यंत पोचलो तेव्हा मुंजाजीराव उठून उभे राहिले. म्हणाले, पाव्हणं, भाषण ऐकून कोणी अनवाणी फिरत असतं काय? आमाला येडं समजून राहिले काय तुमी?

तेव्हा हरिचंद मध्ये पडला. खरं तर माझा मुद्दा पुरा होत आला होता. तो म्हणाला, मालक, मी ह्याच्या विरोधातला माणूस. ह्याचं चांगलं सांगायची मला काही गरज न्हाई. पण त्या दिवशी मी तिथं होतो. मॅच मी बघत नव्हतो, ह्यालाच बघत होतो, कारण मीच ह्याला चिडवलं होतं. भाषणात हळद आली न्हाई म्हणून ह्यानं चप्पल काढली. एवढंच हाय. येडा ह्यो हाय, पोरगी न्हाई. पोरगी सोनं हाय.

ढाब्यावर चहावालासुद्धा थांबला. मुंजाजीरावांनी मला विचारलं, खरं? मी मान हलवली. ते हसायला लागले. इतके हसले की खाटेवर बसले. मग म्हणाले, मग घाला बरं आता. घाला माझ्यासमोर.

सगळे बघत होते. रुद्रही दुकानाच्या दारात येऊन उभा होता. कालपासून माझ्या कानात एकच वाक्य होतं, मला पसंत होता तो. मी पिशवीतून चप्पल काढली आणि घातली. विचार करावा लागला नाही.

मागाहून विचार केला. माझा पण मुळात हट्टा सर्कलपुरता होता. कनेरगाव नाका सर्कलच्या बाहेर आहे. त्यामुळं तांत्रिकदृष्ट्या पण मोडलेला नाही. परत येताना काढायची राहून गेली, कारण बाइक चालू होती.

१६ मे

सुपारी फुटली. धोंडा लागायच्या आत. वैष्णवी हिरव्या साडीत. रुद्रनं तिला कुंडीसाठी खत आणलं होतं, कागदात गुंडाळून. ती एवढी हसली की रुख्मिणीला खोकावं लागलं. मी फार खूश आहे. कुठलाही भाव वाढला नाही तरी चालेल, असं एक क्षण वाटलं. नंतर पोती दिसली आणि तसं वाटायचं थांबलं.

मुंजाजीरावांची एकच अट: लग्नात माईक ह्या पाव्हण्यांच्या हातात द्यायचा न्हाई. सगळे हसले. मीही हसलो. अट गमतीनं घातली असणार.

मंजुळाबाईनं माझ्या पायातली चप्पल बघितली, वैष्णवीच्या कपाळावरचं कुंकू बघितलं आणि हात जोडले. सगळ्या बायांना म्हणाली, बघा, कसं पावलं. कोणत्या देवीचं व्हतं, एवढं तरी सांग. मी खरं सांगायला तोंड उघडलं. रुख्मिणीनं त्यात पेढा घातला.

१९ मे

पंतप्रधानांचं पुन्हा भाषण. जाणार नव्हतो. चहा प्यायला म्हणून संतोषकडं गेलो. नवी चप्पल दाराशी काढून बाकड्यावर मांडी घालून बसलो. कमरेला आराम पडतो.

विषय देशाचं आरोग्य. ऐकत नव्हतो. तेवढ्यात आलं. पंतप्रधान म्हणाले, झोपण्याआधी हळदीचं दूध घ्या.

हळद! देशाच्या भाषणात! आणि तासाभरात विरोधी पक्षनेता टीव्हीवर: हळदीचं दूध प्यायला सांगता, दूध परवडतं कुणाला? दोन्ही बाजूंनी हळद, एकाच संध्याकाळी. भावाचं कोणीच बोललं नाही, पण पण भावाचा नव्हताच, नावाचा होता. माझा पण पूर्ण झाला!

मी उभा राहिलो. हॉटेलात सगळीकडं बघितलं. कोणालाही काही आठवलं नाही. हरिचंदनं एकट्यानं माझ्याकडं बघितलं, भजी पुढं सरकवली आणि म्हणाला, सहा दिवस आधीच घातलीस रे. संतोषनं मॅच लावली.

भजी खाल्ली. चांगली होती.

निघताना दाराशी चप्पल नाही. संतोष म्हणाला, तुमची व्हय? कोणीतरी घालून गेलं असल मागं. तुमची म्हंजे सगळ्यांचीच, असं झालंय ना मामा आता. मोरीकडं बघितलं. तिथं नाही. जुन्या चपलांचा तर पट्टाच तुटलेला.

अनवाणीच निघालो. डांबर अजून तापलेलं. वळणावर मंजुळाबाई. तिनं माझे पाय बघितले, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, आरं देवा, आता काय झालं? नाक्याच्या लोकांनी काही खोडा घातला काय पोरीच्या लग्नात?

मी तिला समजावून सांगायला लागलो, पण ती घाईत होती. फाट्याकडं निघाली होती, आणि फाट्यावर नाक्याकडच्या गाड्या चहाला थांबतात.

घरी गेलो नाही. वाटेत कट्ट्यावर बसून खिशातल्या रोजनिशीत हे लिहितोय आणि आता परत हॉटेलकडं निघतो. कनेरगावला कळायच्या आत चप्पल सापडली पाहिजे.